वाकड्या शिंगाचा पेशंट

दामलेकाका कांदा-लसूणसुद्धा खात नाहीत, आणि दर डिसेंबरला बंदूक घेऊन हरणांच्या शिकारीला जातात. आमच्या अमेरिकेतल्या श्रूजबरीच्या मराठी मंडळींना हे पाच वर्षं पचलेलं नाही. गणपतीत त्यांच्या हातचा प्रसाद घ्यावा की नाही, यावर एकदा चर्चाही झाली. ती मीच सुरू केली होती, हे सांगून टाकते.

काका हाडांचे डॉक्टर, आता निवृत्त. विषय कुठलाही निघो, "एक्स-रे काढल्याशिवाय बोलू नये," हे त्यांचं ठरलेलं. माझा केक फुगला नाही तेव्हाही हेच म्हणाले.

यंदा मोतीबिंदूच्या ऑपरेशनमुळे त्यांना ड्रायव्हिंग बंद होतं. म्हणून शिकारीच्या सीझनच्या शेवटच्या दिवशी पहाटे त्यांना जंगलात न्यायचं काम माझ्या गळ्यात पडलं. दोघांच्या अंगात शिकाऱ्यांची नारिंगी जाकिटं, काकांच्या डोक्यावर शिवाय माकडटोपी. एका ओकच्या झाडाखाली त्यांनी घडीची खुर्ची टाकली आणि काडतुसांच्या पिशवीतून डिंकाचे लाडू काढले.

"आणि काडतुसं?"

"कशाला? उगाच उडायची एखादी."

"मग काका, येता कशाला इथे?"

"एक पेशंट आहे. डावं शिंग पार कानाखाली वळलंय. म्हणजे मागचा उजवा पाय मोडून जुळलेला. हरणाचं असंच असतं, पाय एका बाजूचा, शिंग दुसऱ्या बाजूचं. आपल्या गल्लीतल्या माइकला ते डोकं गॅरेजच्या भिंतीवर हवंय. पण एक शिकारी बसला असेल तिथे दुसरा बसत नाही. म्हणून मी बसतो."

तेवढ्यात माइक आलाच. "एनी लक, डॉक?"

"स्टिल वेटिंग," काका गंभीरपणे म्हणाले. तो चरफडत ओढ्यापलीकडे गेला.

थोड्या वेळाने तिकडूनच बार ऐकू आला.

काकांच्या हातातला लाडू हातातच राहिला. एकदम थकलेले दिसायला लागले. अर्धा तास आम्ही ओढ्यापलीकडे बघत बसलो. मी तर मनातल्या मनात गणपतीला एकवीस मोदक कबूल करून टाकले.

मग पाला वाजला. लंगडत, सावकाश, वाकडं शिंग मिरवत स्वारी आली. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं.

"माइकचा नेम चुकला," काका हळूच म्हणाले. "बघ, भार टाकतोय पायावर. छान."

हरीण दिसेनासं झालं तरी काका कान देऊन बसले होते.

"सुमन बर्फावर पडली ना, तेव्हा मी म्हटलं, काही नाही, पाय मुरगळलाय. घरचाच डॉक्टर! एक्स-रे काढायला चार दिवस लावले. मग शेवटपर्यंत अशीच लंगडत चालायची. घरात कुठेही असली तरी मला पावलांवरून कळायचं."

सुमनकाकूंना जाऊन सहा वर्षं झाली.

"चल," काका खुर्ची मिटत म्हणाले, "आता तो अंधार पडेपर्यंत झाडीबाहेर येत नाही. सुटलो यंदा." आणि हातातला लाडू त्यांनी माझ्यापुढे धरला.

मी दोन्ही हात पुढे केले.