तळ्याकाठची तहान

त्या आठवड्यात मी झारी उचलली नाही, ती आळसापोटी नव्हे, तर पूर्ण विचारान्ती. (आमच्या ऑफिसात यालाच कामचुकारपणा म्हणतात.)

बायको बहिणीकडे जाताना बजावून गेली होती, "अहो, तळ्याकाठच्या आयरिसना रोज पाणी घाला. ओल लागते त्यांना. यंदा कुठे पहिल्यांदा कळ्या धरल्यात, आणि रविवारी बागप्रेमी मंडळ स्पर्धेसाठी बाग बघायला येणार आहे. सुकल्या तर माझ्याशी गाठ आहे!"

आता तुम्हीच सांगा, तळ्याला खेटून उभ्या असलेल्या झाडाला पाणी कशाला घालायचं?

रविवारी सकाळी चहाचा कप घेऊन बागेत गेलो. तळं काठोकाठ भरलेलं, आणि शेजारी आयरिसनी माना टाकलेल्या! माती उकरून पाहिली, तर कोरडी ठणठणीत. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. तळ्याला आतून जाड प्लॅस्टिक लावलेलं, पाणी बाहेर झिरपणार कुठून?

बायको थोड्याच वेळात पोचणार होती, पाठोपाठ मंडळ. नुसत्या झारीने आता भागेल असं वाटेना. मग सुचलं, पाणी तर शेजारीच आहे, त्याला फक्त वाट करून द्यायची! स्क्रू-ड्रायव्हर आणला, पाण्यात हात घातला आणि काठाजवळ भोक पाडलं. विशेष काही होईना. आणखी पाडली. (घाबरलेल्या माणसाला कुठे थांबायचं ते कळत नाही.)

माती भिजली. हळूहळू माना वर येऊ लागल्या, आणि तळं खाली जाऊ लागलं! मासे उघडे पडायला लागले. बादली घेऊन बाथरूमच्या टबापर्यंत माझ्या खेपा सुरू झाल्या. शेवटचा मासा हातात धरून चिखलात उभा होतो, तोच फाटक वाजलं.

बायकोने तळ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"काय केलंत हे?"

मी सगळं सांगितलं. तिने माझ्या हातातला मासा काढून घेतला आणि टबात सोडून आली. ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं. तेवढ्यात मंडळ आत आलं. अध्यक्षीणबाईंनी चष्मा चढवला आणि वाकून भोकं बघितली. बायकोने डोळे मिटून घेतले.

"अगं बाई! प्लॅस्टिकला भोकं पाडून काठ ओला ठेवलास? आयरिसना शेजारी भरलेलं तळं नको, पायाशी ओला चिखल हवा, असं घसा फोडून सांगते मी सगळ्यांना, कुणी ऐकेल तर शपथ! कल्पना कुणाची गं?"

माझी छाती फुगली. मी घसा खाकरला.

"माझीच," बायको म्हणाली. "ह्यांना कसलं सुचतंय? नुसतं पाणी घाला म्हटलं होतं, तेवढंही जमलं नाही."

पहिलं बक्षीस म्हणून मंडळाने तिला चकचकीत नवी झारी दिली. मंडळ गेल्यावर तिने ती माझ्या हातात ठेवली आणि टबाकडे बोट दाखवलं.

"माशांचं पाणी रोज बदला. आणि हो, विचार करू नका."