कपाटातला नमस्कार

साटम सर कपाटात बसून बोलायचे. अगदी खरोखरच्या कपाटात. कोपरीतल्या आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर ते राहतात. त्यांच्या आतल्या खोलीत एक जुनं सागवानी कपाट आहे. त्याच्या फळ्या काढून, आत स्टूल ठेवून, एकसष्ट वर्षांचा हा गृहस्थ बायकोच्या साड्यांच्या मधोमध मान आखडून बसायचा आणि म्हणायचा, "नमस्कार." कपाटाबाहेर पलंगाच्या कडेवर मी. हातात मोबाइल, डोक्यावर गोधडी, आणि तिचं दुसरं टोक कपाटाच्या दारावर टाकलेलं, म्हणजे बाहेरचा आवाज आत जायला नको. ऐन मे महिन्यात.

"पुसा," सर म्हणायचे.

"का हो? चांगला होता की."

"सुरुवातीला श्वास ऐकू आला. पुसा."

मी अंगठा कुठेतरी टेकवायचो आणि म्हणायचो, "पुसला."

मी नाईक. सत्तावीस वर्षं सरांच्या समोरच्या दारात राहतोय. एका कचेरीत खुर्ची उबवून निवृत्त झालो, त्यामुळे दुपारी मला काही काम नसतं, हे सगळ्या इमारतीला माहीत आहे. सरांना तर फारच माहीत होतं.

नोकरी सरांनी पाणी खात्यात केली, पण त्यांचा जीव माईकमध्ये. संध्याकाळी एका शाळेच्या वर्गात ते निवेदन शिकवायचे. स्टेजवर कसं उभं राहायचं, नाव कसं पुकारायचं, टाळ्या वाजत असताना किती थांबायचं. ठाण्यापासून कल्याणपर्यंत एखाद्या मंडळाच्या कार्यक्रमात कुणी माईकवर नीट बोलत असेल, तर तो हमखास सरांच्या हाताखालून गेलेला. त्यांच्या वर्गात एका शब्दाला बंदी होती. "चालेल." हा शब्द कुणी उच्चारला की सर डोळे मिटून घ्यायचे, पोटात दुखल्यासारखे. डोंबिवलीच्या मानपाड्याहून येणाऱ्या एका मुलीकडून त्यांनी "आपण कार्यक्रमाला सुरुवात करूया" हे एकच वाक्य अख्खी संध्याकाळ म्हणवून घेतलं होतं. उशीर झाला म्हणून तिची आई न्यायला आली. ती दारातून म्हणाली, "सर, आता चालेल ना?" सरांनी तिलाही आत बसवलं आणि तिच्याकडूनही ते वाक्य म्हणवून घेतलं.

घरात तीच तऱ्हा. वहिनी चहा पुढे करत म्हणायच्या, "साखर जरा कमी पडलीय, चालेल ना?" सर म्हणायचे, "कमी पडलीय एवढंच म्हण. चालवायचं की नाही ते मी बघतो." आणि निमूट पिऊन टाकायचे.

तिसऱ्या मजल्यावरचे शिर्के वारले तेव्हा गच्चीवर शोकसभा झाली. शिर्क्यांचा थोरला मुलगा बोलता बोलता हुंदका आवरेना म्हणून थांबला. सगळ्यांचे डोळे भरले. सर माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "थांबला बरोबर, पण माईकपासून तोंड बाजूला घ्यायला हवं होतं." मला संताप आला होता. चार दिवस मी त्यांच्याशी बोललो नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नसावं.

तर असा हा माणूस. त्याचा घसा बसला. महिना झाला, दोन झाले, आवाज सुटेना. ज्येष्ठमध, हळद, वाफ, सगळं करून झालं. मग तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी सांगितलं, गाठ आहे, स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज जाईल. तारीख मिळाली चार आठवड्यांनंतरची.

सरांनी हे मला जिन्यात सांगितलं, अगदी स्पष्ट, प्रत्येक शब्द सुटा. मी म्हणालो, "होईल सगळं नीट." ते म्हणाले, "नाईक, वाक्याचा शेवट पडला तुमचा. उचला."

प्रज्ञा धावत आली. सरांची जुनी विद्यार्थिनी. आता घोडबंदर रोडला कुठल्याशा टॉवरमध्ये अठराव्या मजल्यावर राहते, लोकांना मुलाखतीत बोलायचं कसं ते शिकवते, आणि रोज मोबाइलवर व्हिडिओ टाकते. तिने येताच सरांच्या नावाने चॅनल उघडलं. बारा धड्यांची यादी केली. पहिला नमस्कार, दुसरा श्वास, तिसरा विराम, असं बारापर्यंत.

"सर, आठवड्याला तीन," ती म्हणाली. "तुमचा आवाज त्यात राहील. पुढची पोरं त्यावरून शिकतील. फक्त एक करायचं. बोललात की टाकून द्यायचं. मी तर लिफ्टमध्ये केलेलेपण टाकते."

"दिसतं ते," सर म्हणाले.

पहिला धडा सुरू झाला आणि पहिल्याच शब्दावर अडला. आमच्याकडे स्टेशनवरची घोषणा घरात ऐकू येते. ती संपली की कुणाचा तरी कुकर. कुकर झाला की कबुतरं. सरांनी खोल्या बदलून पाहिल्या, मोरी पाहिली, आणि शेवटी कपाट सापडलं, कारण कपड्यांत आवाज घुमत नाही. इमारतीतल्या लोकांनी मात्र कमाल केली. मी दारोदार फिरून सांगितलं आणि रोज दुपारी तीन ते चार कुणी कुकर लावेना, कुणी मिक्सर फिरवेना. शिर्क्यांच्या सुनेने बाळाला त्या वेळात खाली फिरवायला न्यायला सुरुवात केली. एवढी सगळी इमारत श्वास रोखून बसलेली, आणि कपाटातून नमस्कार, पुसा, नमस्कार, पुसा.

कधी नमस्कार फार औपचारिक, कधी फार सलगीचा. एकदा उत्तम झाला, तर मागच्या साडीची घडी तिरकी दिसत होती. एकदा सगळं जमलं आणि गोधडीखाली मला शिंक आली. सर आठ मिनिटं माझ्याकडे नुसते बघत बसले.

हसू यायचं, पण फार वेळ टिकायचं नाही. कारण एक गोष्ट आम्हा सगळ्यांना दिसत होती. सरांचा आवाज रोज थोडा थोडा जात होता. आज नापास केलेला नमस्कार उद्या त्यांना जमणार नव्हता. सोमवारी जो आवाज त्यांना खरखरीत वाटला, त्याच्यासाठी शनिवारी त्यांनी काहीही दिलं असतं. हे त्यांना दिसत नव्हतं असं नाही. दिसत होतं म्हणूनच ते जास्त ताणत होते, आणि ताणल्याने तो आणखी बसत होता.

तिसऱ्या आठवड्यात प्रज्ञा चिडली. "सर, बारा धडे होते. एक नमस्कार होत नाहीये. लोकांना घोटीव नको असतं हो. तुम्ही पाहिजे असता."

"मीच पाहिजे असेन तर मी बरा दिसायला नको?" सर म्हणाले. मधले दोन शब्द आवाजाशिवायच बाहेर आले. प्रज्ञा उठून स्वयंपाकघरात गेली आणि वहिनींच्या पाठीशी उभी राहून रडली.

आता माझं सांगतो. मी एकही नमस्कार पुसला नव्हता. यात काही शहाणपणा नव्हता. पुसायला चष्मा लावावा लागतो, मोबाइल दोनदा विचारतो की नक्की पुसू का, आणि गोधडीखाली घामाने बोट घसरतं. मी कंटाळा केला आणि खोटं बोलत राहिलो. ऑपरेशनला दोन दिवस असताना सर कपाटातून बाहेर आले, पलंगावर माझ्याशेजारी बसले आणि जेमतेम ऐकू येईल असं म्हणाले, "पहिल्या दिवशीचे बरे होते हो, नाईक. पुसायला नको होते."

तेव्हा मी बोलायला हवं होतं. आहेत, सगळे आहेत, एवढंच म्हणायचं होतं. पण इतके दिवस तोंडावर खोटं बोललेलं, माणूस ऑपरेशनच्या तोंडावर, उगाच भडकेल, घशाला ताण पडेल, नंतर सांगू. अशी कारणं जुळवत मी गप्प बसलो. त्या दिवशी बोललो असतो तर निदान त्यांनी दोन-तीन निवडले असते आणि मनाला बरं वाटून ऑपरेशनला गेले असते. हे मला अजून खातं.

शेवटच्या दुपारी सर पुन्हा कपाटात बसले. मी मोबाइल धरला. ते श्वास घेऊन "नमस्कार" म्हणाले, आणि तेवढ्यात गोधडी वर उचलून वहिनींनी हात आत घातला. हॉस्पिटलची पिशवी भरत होत्या.

"अहो, जरा सरका. टॉवेल घेते."

मी डोळे मिटले. आता कपाट कोसळणार. पण सर म्हणाले, "अगं, ती निळी शाल पण घे. माझ्यासाठी नाही, तुझ्यासाठी. तिकडे बाकावर झोपवतात सोबतच्या माणसाला. थंडी वाजते तुला."

वहिनी शाल घेऊन गेल्या. सरांनी माझ्याकडे पाहून नुसता हात हलवला. पुसा. त्यानंतर ते काही बोलले नाहीत.

ऑपरेशन नीट झालं. बाविसाव्या दिवशी सर घरी आले. गळ्यात श्वासासाठी भोक, त्यावर वहिनींनी जुन्या मलमलच्या साडीचे शिवलेले रुमाल, आणि हातात मुलांची असते तशी पाटी. अक्षर मात्र छापल्यासारखं. आवाज गेला तरी शिस्त गेली नव्हती.

मी चार दिवस दाराशी घुटमळलो आणि पाचव्या दिवशी कबूल केलं. प्रज्ञाही होती. मी म्हणालो, "सर, मी काहीच पुसलेलं नाही. दोनशे चौदा नमस्कार आहेत."

सरांनी पाटीवर लिहिलं, "खोटारडे." खाली रेघ मारली. मग पाटी पुसली आणि मान वळवून खिडकीकडे बघत बसले. प्रज्ञाने मोबाइलला कानातलं यंत्र जोडून त्यांच्यापुढे धरलं. हा माणूस एकेक नमस्कार तीन-तीनदा ऐकायचा. त्याने ते यंत्र हळूच बाजूला सारलं. प्रज्ञाने पुन्हा धरलं. पुन्हा सारलं. मग तिला कळलं आणि तिने हात खाली घेतला. सरांना स्वतःचा आवाज ऐकवला नसता.

वहिनी दारात उभ्या होत्या. त्यांनी मला विचारलं, "भाऊजी, सगळे नमस्कारच आहेत का हो? माझ्याशी बोललेलं काही आहे त्यात?"

मी चष्मा लावला. शेवटचा शोधून त्यांच्या हातात मोबाइल दिला. कुठे ऐकावं ते त्यांना सुचेना. मग त्या आतल्या खोलीत गेल्या, कपाट उघडलं, आत स्टुलावर बसल्या आणि दार ओढून घेतलं. बाहेर आम्हाला काही ऐकू आलं नाही. इतका चांगला आवाज बंद होतो त्या कपाटात. दुपारचे साडेतीन झाले होते. कुणी सांगितलं नसताना इमारतीत अजूनही त्या वेळात कुकर लागत नव्हते.

बऱ्याच वेळाने दार उघडलं. वहिनींच्या खांद्यावर निळी शाल होती. बाहेर एवढा उकाडा होता.

प्रज्ञा खालमानेने म्हणाली, "सर, चॅनलवर अजून काहीच नाहीये. हा टाकू? नमस्कारानंतर काकूंचं बोलणं येतं. गोधडी मध्ये येते, चित्र हलतं. आणि तुमचा आवाज त्या दिवशी..."

सरांनी पाटी मांडीवर घेतली. खडू हातात धरून ते वहिनींकडे बघत राहिले. मग लिहिलं. नेहमीपेक्षा वेळ लागला, आणि अक्षर पहिल्यांदाच थोडं वाकडं आलं. त्यांनी ते पुसून पुन्हा लिहिलं नाही. पाटी तशीच आमच्याकडे वळवली.

"चालेल."