उंदीर क्रमांक तेरा

१९८६ च्या श्रावणात सौंसरच्या एका महाविद्यालयाला बारा उंदीर मंजूर झाले. औषध टोचून त्यांचे रक्त कमी करायचे आणि अंबाडीच्या पाल्याचा अर्क पाजून ते परत वाढवायचे, असा प्राध्यापक श्रीकांत यांचा प्रकल्प होता. पाला आणायला आणि पिंजरे झाडायला रामाकोन्याच्या पंचफुलाबाईंना रोजीवर ठेवले.

रक्त मोजायचे यंत्र आले, तेव्हा ते तपासायला निरोगी माणसाचे रक्त हवे होते. प्राध्यापकांना सुईची भीती वाटे, म्हणून पंचफुलाबाईंचे बोट टोचले. आकडा बाराच्या आसपास हवा होता, आला सहा. यंत्र बिघडल्याची नोंद होऊन ते नागपूरला गेले. दुरुस्त होऊन आले, पुन्हा सहा. तीन खेपांनंतर बिघाड बाईंमध्येच असल्याचे प्राध्यापकांनी नाइलाजाने मान्य केले.

"मंग मले बी द्या ना थो अर्क," बाई म्हणाल्या. "पायऱ्या चढतानी डोळ्यापुढं अंधारी येऊन राहिली."

"प्रकल्प प्रयोगशाळेत निर्माण केलेल्या रक्तक्षयाचा आहे, बाई. तुमचा आपोआप झालेला आहे."

"आपोआप कायले, साहेब? पाच बाळंतपणं काढली, उन्हातानात कपाशी निंदली. लय मेहनतीनं झाला थो!"

श्रीकांत सज्जन होते. त्यांनी वरून मार्गदर्शन मागवले. दीड महिन्याने उत्तर आले : अर्क फक्त नोंदवहीतल्या प्राण्यांनाच देता येईल, तथापि तेरावा प्राणी नोंदवण्यास हरकत नाही.

महाविद्यालयाचे मुख्य कारकून, बडे बाबू भैय्याजी, यांनी रजिस्टर उघडले.

"लिंग?"

"मादी," श्रीकांत म्हणाले.

"शेपटी?"

"निरंक."

मग भैय्याजींनी अटी वाचल्या. प्रयोगाअखेर प्रत्येक प्राण्याचे यकृत काढून तपासणीला पाठवणे बंधनकारक होते.

"माह्यं काळीज काढून घेता का?" बाईंनी विचारले.

"फॉर्ममधी तसंच लिवलं आहे, बाई. अंगठा इथं लावा."

पंचफुलाबाईंनी अंगठा मुठीत घेतला, पाल्याचे गाठोडे उचलले आणि चालू लागल्या. श्रीकांत मागे धावले. "बाई, पाला! उंदरांना काय देऊ?"

"त्याईले सांगा, पंचफुलानं भाजी केली!"

तीन महिन्यांनी श्रीकांतांना राहवले नाही. यंत्र घेऊन ते बसने रामाकोन्याला गेले. पंचफुलाबाईंनी आधी त्यांना अंबाडीची भाजी-भाकर वाढली, मग बोट दिले. आकडा नऊच्या वर होता. श्रीकांत आनंदाने पेन काढून उठलेच. पण भाजी म्हणजे अर्क नव्हे आणि बाई म्हणजे उंदीर नव्हे, हे आठवून त्यांनी पेन खिशात ठेवले.

तोवर ओसरीवर शेजारच्या अकरा बाया जमल्या होत्या. "आमचं बी पाहा ना, साहेब," म्हणत सगळ्यांनी बोटे पुढे केली. त्यांची मोजणी मंजूर नव्हती. श्रीकांत साडेपाचच्या बसने परतले.

ही हकिकत ऐकल्यावर आजवर प्रत्येकाने एकच प्रश्न विचारला आहे. आपणही तोच विचारणार, म्हणून आधीच सांगतो. काळजी नसावी; पाल्याअभावी प्रयोग बारगळला आणि बाराही उंदीर ठणठणीत राहिले.