अक्कांची तबकडी

आमच्या शेजारच्या नानांनी आजवर तीसेक उडत्या तबकड्या जमिनीवर उतरवल्या आहेत. कुणाच्याही मोबाइलवर आकाशातल्या गूढ प्रकाशाचा व्हिडिओ आला की तो भुसावळात नानांकडे येतोच. नाना रेल्वेतले निवृत्त गार्ड. लांबून दिसणारा दिवा कशाचा, हे ओळखण्यात हयात गेलेली. व्हिडिओ दहा वेळा थांबवून बघतात, चष्मा कपाळावर सारतात आणि आपल्या धरणगावच्या बोलीत एवढंच म्हणतात, "जागा दखाड."

म्हणजे जिथून शूटिंग केलं ती जागा दाखवा. मग होकायंत्र घेऊन ते तिथे जातात आणि त्याच वेळेला नेमके त्याच जागी उभे राहतात. जातात म्हणजे माझ्या स्कूटरवर जातात. सावद्याची तबकडी निघाली खिडकीच्या काचेत उमटलेली ट्यूबलाइट. धुळ्याच्या एका जावईबापूंची निघाली कॅमेऱ्यासमोरून गेलेलं पाखरू. ते बिचारे आठवडाभर सासरवाडीत भाव खात होते, नानांनी चहा यायच्या आत त्यांना गार केलं.

एकदा मी वैतागलोच. म्हटलं, लोकांच्या आनंदात माती कालवून तुम्हाला काय मिळतं हो? तर म्हणाले, ही सगळी प्रॅक्टिस आहे. खरं काम एकच, अक्कांचा व्हिडिओ.

अक्का म्हणजे त्यांच्या पत्नी. दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात गच्चीवरचे पापड गोळा करताना त्यांना केळीच्या बागांवर काहीतरी चकाकत, गिरक्या घेत वर जाताना दिसलं. त्यांनी ते मोबाइलवर टिपलं आणि घरी आलेल्या पाहुण्यांना हौसेने दाखवलं. नाना सगळ्यांदेखत हसले. म्हणाले, हिला गॅसवरचं दूध उतू गेलेलं दिसत नाही, आकाशातलं बरं दिसलं! पाहुणेही हसले. तेव्हापासून अक्का जेवायला वाढलंय म्हणतात, गोळी घ्या म्हणतात, पण आपणहून सांगणं बंद.

"ती मले काहीच सांगत नही," नाना म्हणाले. त्यांचा चेहरा बघून मला फार वाईट वाटलं.

मग मीही हट्टाला पेटलो. यंदा उन्हाळाभर रोज संध्याकाळी आम्ही त्या दिशेच्या शेतांत चौकशी करत हिंडलो. लोकांनी जमिनीचे दलाल समजून आम्हाला चहा पाजला. अखेर एक शेतकरी म्हणाला, टरबुजाच्या वाफ्यांवर अंथरलेला माझा चंदेरी मल्चिंग पेपर वावटळीने उचलून नेला होता, पार आभाळात. दिवस त्याला पक्का आठवत होता, कारण पुतणीची हळद होती. तारीख व्हिडिओशी जुळली. त्या प्लास्टिकचा एक तुकडा अजून बांधावरच्या बाभळीत अडकलेला होता. नानांनी हाताला काटे टोचून घेत तो सोडवला.

दारात मी म्हटलं, नाना, आज तरी तबकडीच होती म्हणा. त्यांनी ठामपणे नकारार्थी मान हलवली.

अक्का भाजी निवडत होत्या. नानांनी तो मळका तुकडा त्यांच्यापुढे ठेवला, वावटळीची सगळी हकीकत सांगितली आणि म्हणाले, "तुले दिखनं ते खरं व्हतं. मी हासनू, ते मन्हं चुकनं."

अक्का बराच वेळ त्या तुकड्यावरून हात फिरवत राहिल्या. मग भाजी बाजूला सारून त्यांनी सांगायला सुरुवात केली. कोपऱ्यावरच्या बाईंची सून, बिघडलेली शिलाई मशीन, मागच्या पावसाळ्यात त्या स्वतः न्हाणीघरात पडल्या होत्या आणि कुणालाच बोलल्या नव्हत्या, ते. नाना तिथेच जमिनीवर बसले होते आणि एकेक गोष्ट संपली की हळूच विचारत होते, "मंग?"