मे महिन्यातली शेकोटी

माझी चूक आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं लिहायला हात मोकळा राहील. सत्त्याऐंशी सालच्या मे महिन्यात, जळगावच्या मेहरूणमधल्या आमच्या कॉलनीत, एका गच्चीवर पंचवीस-तीस माणसांसमोर मी एक वाक्य बोललो. वाक्य अगदी खरं होतं. मी शाळेत विज्ञान शिकवतो. खोटं बोलायची मला सवय नाही आणि त्याला लागणारी कल्पनाशक्तीही नाही. तरी ते वाक्य आठवलं की आजही माझे कान तापतात. त्यात काय चुकलं हे कळायला तुम्हाला सिंधूअक्का माहीत हव्यात.

सिंधूअक्का मे महिन्यात शेकोटी करायच्या.

जळगावचा मे म्हणजे नळातून थेट चहाचं पाणी येतं. माणसं खिडकीला ओली चादर बांधून दुपारभर गुपचूप पडून असतात. अशा दिवसांत संध्याकाळ झाली की अक्का गच्चीवर पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्या, तंबूसारख्या उभ्या करायच्या, आत लाल जिलेटिन कागद गुंडाळलेला बल्ब ठेवायच्या आणि वायर जिन्यातून खाली सोडायच्या. बटण दाबलं की शेकोटी पेटली. भोवती कॉलनीतली मुलं मांडी घालून बसलेली.

"अक्का, खरी आग का नाही लावत?" कुणीतरी दरवर्षी विचारायचंच.

"पोरींचे फ्रॉक अन् विस्तव एका गच्चीवर नको. उजेड शे ना? मग शेकोटी झाली. पुढचा प्रश्न."

मध्येच वीज गेली की अंधारातून अक्कांचा आवाज यायचा, "शेकोटी विझली. घाबरायचं नाही. शिस्तीत अंधारात बसा!"

'शिस्तीत' हा त्यांचा शब्द. शिस्तीत हसा. शिस्तीत भांडा. एकदा आमचा उदय जिन्यावरून पडून भोकाड पसरून रडत होता, तर म्हणाल्या, "रड, पण शिस्तीत रड. आधी कुठं लागलं ते सांग, मग सूर लाव." आणि तो खरंच थांबला, गुडघा दाखवला, आणि मग परत रडायला लागला.

अक्का मुलींच्या शाळेत खेळाच्या बाई आणि गाईडच्या बाई होत्या. तीस वर्षं शिट्टी वाजवून निवृत्त झाल्या, पण शिट्टी निवृत्त झाली नाही. ती गळ्यातच असायची. दूधवाल्यासाठी एक शिट्टी, भाजीवालीसाठी दोन. तीन शिट्ट्या म्हणजे मुलांनी असतील तिथून गच्चीवर. माहेर धुळ्याकडचं, कपाशीवाल्या घरातलं. लग्न केलं नव्हतं. तो विषय कुणी काढला तर, "राहून गेलं. त्या वर्षी शिबिर होतं," एवढंच. बोलणं तसं शहरातलं, 'आहे'चं तेवढं 'शे' व्हायचं, पण जीव वरखाली झाला की पुरती खान्देशी बाहेर यायची. "बठ्ठा रांगमा उभा राहा!" ऐकलं की मुलंच काय, आमच्या गल्लीतले रिक्षावालेही एका ओळीत रिक्षा लावायचे.

या शेकोटीत एक खाऊ असायचा, आणि माझी सगळी कथा त्या खाऊवर उभी आहे.

तरुणपणी अक्का गाईडच्या कुठल्याशा मोठ्या मेळाव्याला गेल्या होत्या. तिथं परदेशी मुलींनी शेकोटीवर एक पांढरी मऊ मिठाई काडीला खोचून भाजली आणि चॉकलेटबरोबर दोन बिस्किटांत दाबून अक्कांना दिली. ती चव त्यांच्या डोक्यात बसली. पुढं त्यांची एक विद्यार्थिनी, रजनी, नर्स होऊन अमेरिकेला गेली. जाताना तिनं विचारलं, "बाई, तुम्हाला काय पाठवू?" माणूस घड्याळ सांगेल, स्वेटर सांगेल. अक्कांनी मार्शमेलो सांगितलं. तेव्हापासून दर एप्रिलला कुणा येणाऱ्याजाणाऱ्याबरोबर त्या मिठाईची एक भली मोठी पिशवी जळगावात यायची. जळगावच्या उन्हात येईपर्यंत ती सगळी मिळून एकच गोळा झालेली असायची. अक्का पिठीसाखरेत कात्री बुडवून तिचे तुकडे करायच्या.

पहिला तुकडा तपासायच्या कसा? चिमटीत धरून दोन्ही हातांनी हळूहळू ताणायचा, जसा जिनिंगमध्ये कापूस ताणून धाग्याची लांबी बघतात. मग एक डोळा बारीक करून निकाल द्यायचा, "लांब धाग्याचा शे. पहिल्या नंबरचा माल."

मुलं त्याला गोड कापूस म्हणायची.

चूल पेटवायची नाही हा नियम खाऊलाही होता. कोको, पिठीसाखर आणि लोणी मुलांनी ताटात घोटायचं. ग्लुकोजच्या बिस्किटावर तो लेप, त्यावर गोड कापूस, वर दुसरं बिस्किट. मग ताट दुपारी तीनला गच्चीच्या पत्र्यावर ठेवायचं, घड्याळ लावून सात मिनिटं. "जळगावच्या उन्हापुढे विस्तवाची काय टाप शे!" खरंच कापूस विरघळून कडेनं बाहेर यायचा. शेवटी प्रत्येक बिस्किटावर थंड इस्त्री दाबायची, सगळ्यांची जाडी सारखी यावी म्हणून. ती इस्त्री कपड्यांना कधी लागलेली मी पाहिली नाही.

संध्याकाळी आधी हजेरी. आमची मीना हजेरीप्रमुख होती. नाव पुकारलं की उभं राहून 'हजर' म्हणायचं, बिस्किट घ्यायचं, आणि सगळ्यांना मिळाल्यावर शिट्टी झाली की पहिला घास.

आता माझं. त्या सुट्टीत मी ठरवलं होतं की मुलांना रोज एक तास विज्ञान शिकवायचं. फळा आणला, रंगीत खडू आणले. मुलं माझ्यासमोर बसायची, पण कान बाहेर. तीन शिट्ट्या झाल्या की माझा ऑक्सिजन अर्धवट टाकून पळायची. शेवटच्या दिवशी शेकोटीला आयांनाही बोलावणं होतं. त्या दुपारी मी मीनाला थांब म्हणालो, तर ती म्हणाली, "पप्पा, तुमचं उद्याही चालेल. कापूस आजच संपणार आहे."

संध्याकाळी बायको सुनंदाबरोबर मीही गच्चीवर गेलो. कुणी बोलावलं नव्हतं. कठड्याजवळ ती रिकामी पिशवी पडली होती. मी उचलली, चष्मा लावला आणि मागचं बारीक अक्षर वाचलं. मनात काय आलं ते आज कबूल करतो: सापडलं!

बिस्किटं वाटून झाली होती, पहिला घास झाला होता. मी घसा खाकरला आणि वर्गात बोलतो त्या आवाजात बोललो, "यात जिलेटिन आहे. म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्यापासून काढलेला सरस."

गच्चीवरची बहुतेक घरं माळकरी, अंडंसुद्धा उंबऱ्याबाहेर ठेवणारी. एक क्षण कुणाचा जबडा हलेना. समोरच्या आजीबाई उठून नळाकडे गेल्या आणि चुळा भरायला लागल्या. मी मोजल्या नाहीत, पण टाकीतलं पाणी संपल्यावरच थांबल्या. एका आईनं मुलाच्या तोंडात बोट घातलं. मुलानं त्याआधी गिळून टाकलं.

अक्कांच्या हातात त्यांचं बिस्किट होतं, एक घास घेतलेलं. त्यांनी ते ताटात ठेवलं.

"खरं शे का भाऊ हे?"

"पाकिटावरच छापलंय, अक्का."

त्यांनी मान हलवली. त्या संध्याकाळी त्यांनी शिट्टी वाजवली नाही. माणसं तशीच, रांगेशिवाय, घरी गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्का गाईडच्या निळ्या गणवेशाच्या साडीत बाहेर पडल्या. खांद्यावर बिल्ला, हातात हजेरीची वही. वहीतल्या क्रमानं एकेक घर. दारात उभं राहायचं, तीन बोटांचा सॅल्यूट करायचा आणि म्हणायचं, "सहा वर्षं तुमच्या मुलांना मी ते खाऊ घातलं. माले माहीत नव्हतं. पण माहीत करून घेणं माझं काम होतं. माफ करा." बसा म्हटलं तरी बसायच्या नाहीत. आजीबाईंच्या घरी दोनदा गेल्या, कारण पहिल्यांदा त्या देवळात होत्या.

आमची मुलं यादीत शेवटची, म्हणून आमचं घर शेवटी आलं. मी दाढी करत होतो. अर्ध्या गालाला फेस. अक्कांनी सॅल्यूट केला, तेच वाक्य म्हणाल्या. आणि मी काय म्हणालो?

मी म्हणालो, "असू द्या, अक्का. कळत नाही एखाद्याला."

मी त्यांना माफ केलं! गच्चीवरचं वाक्य एक वेळ सोडा. माझी खरी चूक ही.

अक्कांनी वही मीनाच्या हातात दिली. "ठेव तुझ्याकडे. आता लागायची नाही." आणि गेल्या. सुनंदा त्या दिवशी माझ्याशी बोलली नाही. आमटी मात्र वाढली, त्यात मीठ नव्हतं.

पुढच्या वर्षी रजनीची पिशवी आली नाही. अक्कांनीच कळवलं असणार. शिट्टी बंद. दूधवाला मनाला येईल तेव्हा येऊ लागला, दूधही मनाला येईल तसं. मे उजाडला, मुलं माझ्या फळ्यासमोर मुकाट बसायची. हवं होतं ते सगळं मला मिळालं होतं, आणि ती मुलं माझ्याकडे दवाखान्यात बसल्यासारखी बघत होती. संध्याकाळी आमच्या खिडकीतून अक्कांची गच्ची दिसे. एक-दोनदा लाल बल्ब लागलेला दिसला. शेजारी अक्का एकट्याच बसलेल्या, ताठ.

एक दिवस मीनाच्या कपाटात खडू शोधताना ती वही हाती लागली. मी उघडली. पहिल्या पानावर वळणदार अक्षरात मथळा होता: 'सुट्टीत घरीच राहिलेले.'

मी तोवर समजत होतो की कॉलनीतली सगळीच मुलं तिथं जातात. तसं नव्हतं. जी मुलं सुट्टीत मामाकडे, आजोळी जायची, ती यादीत नव्हती. ज्यांना जायला जागा नव्हती तेवढीच होती, आणि प्रत्येकापुढे शेरा. 'गणेश: आई नाही, आजोळ तुटलं.' 'सलमा: वडिलांची नुकतीच बदली, ओळखी नाहीत.' आणि शेवटी, 'मीना, उदय: मामाशी बोलणं बंद. कारण विचारू नये.'

ते बोलणं मी बंद केलं होतं. सावद्याला लग्नात मानपानावरून मेहुण्याशी भांडलो होतो. मामाच्या केळीच्या बागेत खेळायची मुलं माझ्यामुळे तीन उन्हाळे जळगावात तापत होती, आणि कारण न विचारता कुणीतरी त्यांच्या हातात गोड कापूस ठेवत होतं.

मग मी यादीचा पहिला नंबर पाहिला. 'एक: सिंधू.' पुढे शेरा नाही. फक्त सहा वर्षांच्या प्रत्येक मे महिन्यात, प्रत्येक दिवशी, 'हजर'.

मी किराणा दुकानातून चायना ग्रास आणलं. ते समुद्रातल्या शेवाळाचं असतं, माळकऱ्यालाही चालतं, हे मला माहीत होतं. हे ज्ञान मी गच्चीवर का सांगितलं नाही, याचं उत्तर तुम्हाला एव्हाना कळलं असेल. चायना ग्रास उकळलं, साखरेचा पाक केला आणि रवीनं घुसळायला बसलो.

"शाळेत प्रयोग फसला की 'निरीक्षण लिहा' म्हणता," सुनंदा म्हणाली. "इथं भांडी कोण घासणार?"

पहिला प्रयोग उदयनं जमिनीवर आपटला, तो उसळून खाटेखाली गेला. दुसरा ताटातून वाहून गेला. तिसऱ्या वेळी सुनंदानं रवी माझ्या हातातून घेतली, आम्ही आळीपाळीनं तासभर घुसळलं, आणि काहीतरी पांढरं, मऊ, कापसाचं लांबचं नातेवाईक म्हणता येईल असं तयार झालं.

दुपारी ताट झाकून अक्कांकडे गेलो. म्हटलं, दारातच हळूच माफी मागू आणि मोकळं होऊ. अक्कांनी एक तुकडा चिमटीत धरला, ताणला, एक डोळा बारीक केला.

"आखूड धागा शे."

"चायना ग्रासचा आहे, अक्का. सगळ्यांना चालेल."

"उन्हात विरघळेल?"

"नाही विरघळणार," मी म्हणालो. शास्त्र ते शास्त्र.

"हं. इस्त्रीनं दाबू." मग माझ्याकडे बघून, "अजून काय?"

"अक्का, गेल्या वर्षी मी..."

त्यांनी हात वर केला. "कुठं बोलला होतात?"

"गच्चीवर."

"किती जणांत?"

"पंचवीस-तीस."

अक्का आत गेल्या. खिळ्याला अडकवलेली शिट्टी काढली, पदरानं पुसली. तीन शिट्ट्या! वर्षभर न वाजल्यामुळे पहिली जरा घोगरी आली. कॉलनीतली दारं धडाधड उघडली. मीना वही घेऊन धावत आली. तिला कुणी सांगायची गरजच पडली नाही. आया आल्या, आजीबाई काठी टेकत जिना चढल्या. गच्ची तापलेली, सगळे एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत रांगेत उभे. मी शेवटी उभा राहिलो.

"सर, एक पाऊल पुढे!"

मी पुढे आलो. चाळिशी उलटलेला माणूस, पाय भाजताहेत, समोर माझीच दोन मुलं. बोलायला गेलो तर वर्गातला आवाज सापडेना.

"मोठ्यानं! मागच्या रांगेत ऐकू येत नाही!"

मी पुन्हा सुरुवात केली. "मुलं तुमच्याकडे पळतात हे मला बघवत नव्हतं, अक्का. म्हणून मी ते पाकीट वाचलं. तुमच्यात चूक शोधायला वाचलं. नंतर तुम्ही माझ्या दारात माफी मागायला आलात, आणि मी तुम्हाला माफ केलं. माफी मी मागायला हवी होती. चुकलो, अक्का. मला माफ करा."

अक्कांनी मीनाला हजेरी घ्यायला लावली, आणि शिट्टी झाल्यावर वर्षभरानं गच्चीवर पुन्हा पहिला घास झाला.