मुलगा काळा आहे

धूमकेतूचे मामा मंगळवारी दुपारी वेधशाळेत आले आणि मुलाला असं परस्पर बघता येणार नाही, म्हणाले. घरंदाज मुलगा आहे, बघायचं तर रीतसर बघा. मामा म्हणजे नारळाएवढा लोखंडी उल्कापाषाण. ते बसले तशी खुर्ची कुरकुरली. संचालक तुळपुळे सरांनी लगबगीने पोहे मागवले.

वैजयंता रोडे तिथे पीएच.डी. करत होती. तिचा सगळा प्रबंध या एका धूमकेतूच्या गाभ्यावर होता, आणि स्वारी पुन्हा यायची ती सातशे वर्षांनी. गाभ्याभोवती धुळीची शाल होती. ती उतरल्याशिवाय दुर्बिणीला गाभा दिसत नाही, आणि शाल उतरवायची की नाही हे मामा ठरवणार होते.

"उतरवू की," मामा पोह्यांवरचं खोबरं बाजूला सारत म्हणाले. "फक्त रंग 'निमगोरा' लिहायचा. आमच्या दोन भाच्यांना आधीच काळं ठरवून बसलाय तुम्ही लोक."

वैजयंताला रागच आला. तिच्या स्वतःच्या स्थळांसाठी केलेल्या माहितीपत्रकात आत्याने 'गव्हाळ' लिहिलं होतं, आणि वैजयंता तर चांगली काळीभोर होती. बघायला आलेली माणसं एकदा कागदाकडे बघत, एकदा तिच्याकडे. ते तिला फार झोंबायचं.

"धूमकेतू काळेच असतात, मामा. त्यांच्यापुढे कोळसा उजळ."

"मग शाल राहू दे."

"अगं, लिही ना निमगोरा," तुळपुळे सर कुजबुजले. "बघण्याच्या कार्यक्रमात एवढं चालतं."

"लिहिते," वैजयंता म्हणाली. "पण मग मुलगा ठेंगणा होईल."

मामांनी चमचा खाली ठेवला. "तो कसा?"

"आपण रंग काहीही लिहिला तरी त्याच्याकडून उजेड येतो तेवढाच येतो. तेवढा उजेड द्यायला गोऱ्याला लहानसं अंग पुरतं, काळ्याला मोठं लागतं. निमगोरा लिहिलं की उंची निम्मी."

"उंचीला हात लावायचा नाही! आमच्या घराण्यात कोणी ठेंगणं नाही."

"मग रंग?"

मामांनी पोह्यांतली मिरची चावून टाकली. "काळा लिहा," ते शेवटी म्हणाले. "पण ठसठशीत लिहा."

तिन्हीसांजेला धूमकेतूने शाल उतरवली. गाभा भुईमुगाच्या शेंगेसारखा होता, कमरेत बारीक, आणि जरा लाजतच गिरक्या घेत होता. वैजयंताने उंची, रंग, गिरकी सगळं मोजलं. प्रबंध बुडता बुडता वाचला. मामा "कळवतो" म्हणून निघाले, आणि सरांनी खुर्ची सुताराकडे पाठवली.

घरी जेवताना तिने आत्याला सगळं सांगितलं. मग माहितीपत्रकातलं 'गव्हाळ' खोडून 'काळी' लिहिलं, आणि आपल्यालाही तोच नियम म्हणून हिशेबाप्रमाणे उंची वाढवली. तिला इतकं बरं वाटलं की पडल्या पडल्या झोप लागली.

सकाळी तिचे सगळे कुडते आखूड झाले होते. स्वयंपाकघरात येताना चौकट कपाळाला लागली. आत्याने चहाचं आधण उतरवलं आणि मान वर करून तिला नीट न्याहाळलं.

"आता तुला शोभेलसा तो एकच," आत्या म्हणाली. "मामा कधी कळवतायत?"

"सातशे वर्षांनी."

"बरं, थांबू. माणसं चांगली वाटतात."