सातभाईंचं शांत वस्तीतलं घर

एका जंगलात, बालमित्रांनो, जमीन समुद्राच्याही खाली होती. हसू नका. तिथल्या प्राण्यांनी भलामोठा बांध घातला होता आणि समुद्राला सांगितलं होतं, "तू पलीकडे थांब." आणि समुद्र थांबला होता! असा तो शिस्तीचा मुलूख. त्याला डचवन म्हणत.

या डचवनात सातभाईंचं एक कुटुंब राहायला गेलं.

सातभाई तुम्ही पाहिले असतील. मातकट रंगाचे पक्षी. करवंदीच्या जाळीत सात-सात जण एकत्र राहतात आणि सातही जण एकाच वेळी बोलतात. ऐकायचं काम कुणाकडेच नसतं, त्यामुळे भांडण फार काळ टिकत नाही.

घरचा कर्ता होता जयवंत. त्याला डचवनात पाण्याची पातळी मोजायची नोकरी लागली होती. त्याच्या बायकोचं नाव मृदुला. नावावर जाऊ नका. सह्याद्रीत असताना तिने स्वयंपाक करता करता "अगं बाई, मीठ संपलं!" म्हटलं, की पलीकडच्या डोंगरावरची माकडं मीठ घेऊन येत. जयवंतची कावेरीआत्या मृदुलाला म्हणायची, "सूनबाई, जरा मोठ्याने बोलत जा, ऐकू येत नाही." शिवाय चार पिल्लं होती. त्यातली धाकटी टिकली. ती झोपेतही बोलायची, आणि सकाळी उठून झोपेत काय बोलली ते पुन्हा सांगायची.

नोकरी छान होती. अडचण होती घराची.

डचवनाचा नियम असा, की पत्ता असल्याशिवाय नावनोंदणी नाही. नावनोंदणी असल्याशिवाय नोकरी पक्की नाही. आणि नोकरी पक्की असल्याशिवाय कुणी घर भाड्याने देत नाही. हे कोडं सोडवायला जयवंतला सहा आठवड्यांची मुदत होती. पाच आठवडे संपले होते. सातही जण कालव्यातल्या एका गळक्या होडीत राहत होते.

शेवटी ते घरांच्या एजंटाकडे गेले. एजंट होता पाणकावळा. तो सदा पंख पसरून उभा असे. लोकांना वाटे, मिठी मारतोय. तो पंख वाळवत असे.

"एक घर आहे," पाणकावळा म्हणाला. "निवांततळं नावाची वस्ती. शाळा जवळ, घसरगुंडी जवळ, सायकलचा रस्ता दाराशी. पण फक्त शांतताप्रिय कुटुंबांसाठी. तुमचं कुटुंब आहे?"

"आहे!" सातजण ओरडले. टेबलावरचे कागद उडाले.

"शांतताप्रिय आहे?"

"म्हणजे काय!" आत्या गरजली. "शांततेसाठी जीव देऊ आम्ही!"

पाणकावळ्याने कागद गोळा केले. "उद्या घर बघायला या. बत्तीस कुटुंबं येणार आहेत. प्रत्येकाला दहा मिनिटं. आणि येताना भाडेकरूचं मनोगत लिहून आणा. घरमालकांना ते वाचायला आवडतं."

त्या दुपारी होडीत मनोगत लिहिलं गेलं. सातजणांनी एकाच वेळी मजकूर सांगितला. शेजारच्या होडीतल्या बदकांनी तीनदा तक्रार केली. तरी मनोगत झकास उतरलं: 'आम्हाला शांतता फार प्रिय आहे. आमच्या घरात दव पडल्याचा आवाज ऐकू येतो. तोही आम्हाला जरा जास्तच वाटतो.'

"लिहिलं खरं," जयवंत म्हणाला. "पण दहा मिनिटं गप्प कसं बसायचं?"

सातभाईंच्या सबंध इतिहासात दहा मिनिटं कुणी गप्प बसलं नव्हतं.

"ते माझ्यावर सोडा," आत्या म्हणाली. तिने डिंकाचे लाडू केले आणि पाक मुद्दाम पुढे जाऊ दिला. दुसऱ्या दिवशी निवांततळ्याच्या दारात प्रत्येकाच्या चोचीत एकेक लाडू कोंबला. चोची अशा चिकटल्या, की विळ्याने सोडवाव्या लागाव्यात!

घरमालक होते श्री. फान डेर बगळे. एका पायावर उभे. राखाडी अंगरखा. त्यांनी मनोगत वाचलं. मग सातही जणांकडे आळीपाळीने पाहिलं.

"मुलं दंगा करतात?"

सातजणांनी नकारार्थी माना हलवल्या.

"पाहुणे येतात?"

नकार.

"जिना उभा आहे. चालेल?"

होकार. आपल्याला पंख आहेत हे सांगायची सोय नव्हती.

फान डेर बगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "तीस वर्षांत इतकं शांत कुटुंब पाहिलं नाही," ते म्हणाले आणि जागच्या जागी किल्ली दिली.

पत्ता मिळाला! नोंद झाली! नोकरी पक्की झाली! सातभाई नाचत नाचत नव्या घरात शिरले आणि धपकन खाली पडले. घराला फरशीच नव्हती. नुसतं कोरडं काँक्रीट.

"जमीन कुठे गेली?" मृदुलाने सोबत आलेल्या पाणकावळ्याला विचारलं.

"मागचा भाडेकरू घेऊन गेला. त्याची होती."

"आणि दिवे?"

"तेही त्याचेच. पण खिडक्या तुमच्या आहेत. मोठ्या आहेत की नाही? पडदे मात्र लावू नका. इथे कुणी लावत नाही. लपवण्यासारखं आहे काय?"

लपवण्यासारखं फार होतं, बालमित्रांनो. सातजणांचा आवाज होता.

कुजबुजायला सातभाईंना येत नाही. ते शिकून पाहिलं, पण त्यांची कुजबुज तीन घरं पलीकडे जायची. मग जयवंतने वार लावून दिले. सोमवारी फक्त आत्या बोलणार, मंगळवारी मृदुला, बुधवारी तो स्वतः, पुढचे चार दिवस एकेक पिल्लू. टिकलीचा वार रविवार. बाकीच्यांनी त्या दिवशी ऐकायचं. हे ऐकणं सगळ्यांनाच नवं होतं. आत्याला तर पहिल्यांदाच कळलं, की जयवंतला लहानपणापासून कारलं आवडत नाही.

शेजारी भले होते. शेजारच्या राजहंसीणबाईंनी वाढदिवसाला बोलावलं. सगळे गोल करून खुर्च्यांवर बसले. ज्याचा वाढदिवस त्याचं अभिनंदन, त्याच्या बायकोचं अभिनंदन, बायकोच्या आईचं अभिनंदन, आणि शेजारी म्हणून सातभाईंचंही अभिनंदन. मग केकचा एकेक तुकडा. मग दोन तास गोलात शांतता.

"छान झाला वाढदिवस," परत येताना मृदुला म्हणाली. मंगळवार होता.

असे सात महिने गेले. फरशी बसली. दिवे लागले. पिल्लं शाळेत जाऊ लागली. वस्तीत कौतुक होऊ लागलं, की सातभाईंसारखं कुटुंब नाही.

एका रविवारी सकाळी मृदुलाने टिकलीपुढे न्याहारी ठेवली. "भूक लागली का गं?" वार आपला नाही हे ती विसरली होती.

टिकलीने मान हलवली.

"अगं, आज तुझा वार. बोल ना. पोटभर बोल."

टिकलीने चोच उघडली. मिटली. पुन्हा उघडली. आतून काहीच आलं नाही. तिने आईकडे पाहिलं आणि खांदे उडवले.

मृदुलाने न्याहारी बाजूला सारली. "कधीपासून?" तिने मोठ्या पिल्लांना विचारलं.

"मागच्या रविवारीही नाही बोलली," थोरला म्हणाला. "आम्हाला वाटलं, वार वाचवून ठेवतेय."

जयवंत पाणी मोजून आला, तेव्हा मृदुला टिकलीला सायकलच्या पुढच्या पेटीत बसवत होती.

"कुठे निघालीस?"

"जिथे कुणी नाही तिथे. पोरीला ओरडायला नेते."

"मृदुला, कुणी ऐकलं तर घर जाईल. घर गेलं तर पत्ता जाईल. पत्ता गेला तर..."

"आणि पोरीची वाचा गेली तर? तिची नोंद कुठे करायची?"

जयवंतने आपली सायकल काढली. आत्या मागच्या कॅरिअरवर बसली. बाकीची पिल्लं उडत निघाली.

वस्तीच्या टोकाला बांध होता. बांधाखालून सायकलींसाठी एक लांब बोगदा काढलेला होता. मृदुलाने तोच हेरला होता. पण बोगदा जवळ आला तसा आतून एक भयंकर आवाज येऊ लागला. गंजलेलं फाटक कुणी रागारागाने उघडावं आणि मिटावं, तसा.

"क्राऽऽक! क्राऽऽऽक!"

बोगद्याच्या तोंडाशी रांग होती. राजहंसीणबाई होत्या, त्यांचे यजमान होते, शाळेतल्या साळिंदरबाई होत्या, पंख पसरून पाणकावळा होता. प्रत्येकाच्या हातात नंबराची चिठ्ठी होती. कुणी कुणाकडे बघत नव्हतं.

आवाज थांबला. बोगद्यातून श्री. फान डेर बगळे बाहेर आले. तुरा विस्कटलेला, गाल लाल, चेहऱ्यावर अपार समाधान. समोर सातभाई दिसले आणि त्यांनी झटकन एक पाय वर घेतला.

"मी... सायकल शोधत होतो," ते म्हणाले.

"ओरडून?" मृदुलाने विचारलं. तिचा खरा आवाज निवांततळ्यात पहिल्यांदाच फुटला. राजहंसीणबाईंची चिठ्ठी उडून कालव्यात पडली. "तुम्हा सगळ्यांनाच ओरडावंसं वाटतं? मग ही वस्ती शांत आहे ती कुणासाठी?"

हा प्रश्न तिथे कधी कुणी विचारलाच नव्हता. प्रश्न विचारायला बोलावं लागतं.

"आम्हाला वाटलं, बगळेसाहेबांना शांतता आवडते," राजहंसीणबाई म्हणाल्या.

"मला वाटलं, तुम्हाला आवडते," बगळे म्हणाले. "जाहिरातीत तसं लिहिलं होतं. मीही पहिल्यांदा इथे भाडेकरू म्हणूनच आलो."

सगळे पाणकावळ्याकडे वळले.

"जाहिरात मी लिहिली," पाणकावळा पंख मिटत म्हणाला. त्याला पंख मिटताना कुणी पाहिलं नव्हतं. "पहिल्यांदा वस्तीत आलो, तेव्हा रस्त्यावर शंभरजण होते आणि सगळे चिडीचूप. मला वाटलं, काय शांत वस्ती आहे! मग कळलं, ते सगळे घर बघायला आले होते."



तेवढ्यात बगळ्यांची नजर पेटीतल्या टिकलीवर गेली. "हिला काय झालं?"

मृदुलाने सांगितलं. सांगता सांगता तिचा आवाज चक्क मृदू झाला. बगळे थोडा वेळ दोन्ही पायांवर उभे राहिले. मग रांगेला म्हणाले, "आधी हिला जाऊ द्या."

टिकली एकटी बोगद्यात गेली. बाहेर सगळे कान टवकारून उभे राहिले. बराच वेळ काही नाही. आत्याने डोळे मिटून घेतले.

मग आतून आलं, "च."

बोगदा म्हणाला, "च च च च च च."

टिकलीला वाटलं, पलीकडे आपल्यासारखेच सहाजण आहेत आणि आपल्या आधी बोलून घेतायत! हे कुठल्या सातभाईला सहन होईल? ती तुटून पडली. सात महिन्यांचं बोलणं बाहेर आलं. शाळेतलं, घसरगुंडीवरचं, केक फार लहान होता ते, आत्या घोरते ते, बगळेआजोबा एका पायावर झोपतात तेव्हा डुगडुगतात ते. चाळीस मिनिटं! एका नंबराला दहाच मिनिटं असतात, पण रांगेतून कुणी कुरकुर केली नाही. राजहंसीणबाई पंखात तोंड खुपसून रडत होत्या. बगळे हसता हसता दोनदा पडले. मृदुलाने जयवंतचा पंख इतका घट्ट धरला होता, की त्याची दोन पिसं कायमची वाकडी झाली.

आता तुम्ही म्हणाल, मग सगळ्यांनी वस्तीत मोकळेपणाने बोलायला सुरुवात केली असेल. मृदुलाही तेच म्हणाली. "चला, आता घरी जाऊन बोलूया!"

सगळे दचकले.

"घरी?" पाणकावळा म्हणाला. "अहो, तीनशे कुटुंबं प्रतीक्षायादीत आहेत. शांत वस्ती म्हणून! इथे आवाज ऐकू आला तर काय किंमत राहील आपल्याला?"

"बरोबर आहे," राजहंसीणबाईंनी नाक पुसलं. "शांत वस्तीत राहतो असं सांगायला किती बरं वाटतं."

खरं सांगायचं तर आत्यालाही ते पटलं. सह्याद्रीत पत्र टाकून तिने तसंच कळवलं होतं.

शेवटी ठराव झाला. वस्ती शांतच राहील. बोगद्याचं रीतसर वेळापत्रक होईल. शनिवारी चार ते पाच सातभाई, सहकुटुंब. मृदुलाने फक्त एक अट घातली आणि ती मान्य होईपर्यंत बोलत राहिली, म्हणून ती लवकर मान्य झाली. लहान मुलांचा आवाज हा आवाज धरू नये, निसर्ग धरावा. तेव्हापासून निवांततळ्यात टिकली दिवसभर बोलते आणि शेजारी म्हणतात, "वा, वसंत आला वाटतं."

पुढच्या वर्षी कोपऱ्यावरचं घर रिकामं झालं. निवड समितीवर मृदुलाला घेतलं. एकतीस मनोगतं सारखीच होती. बत्तिसावं एका टिटवीचं होतं. तिने लिहिलं होतं: 'खोटं कशाला बोलू? आम्ही ओरडतो. आजी ओरडायची, आई ओरडायची, मीही ओरडते. पण मनाने चांगल्या आहोत.'

"किती प्रामाणिक," बगळे गहिवरून म्हणाले.

"फारच," राजहंसीणबाई म्हणाल्या.

आणि त्यांनी ते मनोगत नाकारलेल्या गठ्ठ्यात ठेवलं.

मृदुलाने ते गुपचूप उचललं आणि सायकल थेट टिटवीच्या होडीपाशी थांबवली. "हे खोड," ती म्हणाली. "आणि लिही, की मला लव्हाळ्याची सळसळसुद्धा जरा जास्तच वाटते."

"पण ताई, ते खोटं आहे!"

"अगदी. म्हणून मोठ्या अक्षरात लिही."

टिटवीला घर मिळालं. बोगद्यात मंगळवारी सकाळी अकराची वेळही मिळाली.

तात्पर्य: मुलांनो, नेहमी खरं बोलावं. आधी घर मिळवावं, मग बोगद्यात जाऊन खरं बोलावं. रांगेत मात्र मध्येच घुसू नये, ते वाईट दिसतं.